मीटिंगमध्ये ओळखीचं कुणी भेटलं तर?

दारू सोडायच्या उंबरठ्यावर आलेला माणूस अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकत्र बसून बोलायच्या ग्रुपच्या, मीटिंगबद्दल सगळं ऐकून घेतो, मान डोलावतो आणि उठता उठता हळूच विचारतो, “ताई, तिथं ओळखीचं कुणी भेटलं तर?” या प्रश्नाला मी बरीच वर्षं चुकीचं उत्तर देत होते. ते चूक आहे हे मला एका मेडिकल दुकानदार दादांमुळे कळलं. त्यांच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून लिहितेय.

तालुक्याचं गाव, बाजारपेठेत दुकान, वय पंचेचाळीसच्या आसपास. सकाळी थोडी पोटात गेल्याशिवाय हात थरथरायचे थांबत नव्हते. त्यांच्या पत्नीने, वहिनींनी, पहिल्याच दिवशी विचारलं, “दारू सोडायची गोळी असते ना, ती चहातून देऊ का?” त्यांचा जीव किती मेटाकुटीला आला होता ते दिसत होतं, पण मी ठामपणे नाही म्हणाले. अशी गोळी पोटात असताना नकळत दारू प्यायली गेली तर जिवावर बेतू शकतं. ती डॉक्टरांनी, पेशंटला सांगूनच द्यायची. दादांना आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. तो टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखाली पार पडला. आता पुढचं आयुष्य होतं आणि त्यासाठी ग्रुप हवा होता.

“गावातल्या ग्रुपला नाही जाणार,” दादा म्हणाले. “अर्धं गाव माझ्या काउंटरवर उभं असतं.” मला ते पटलं. पस्तीस किलोमीटरवरच्या शहरातली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची मीटिंग मी सुचवली आणि वर म्हणाले, “तिथं कुणी ओळखणार नाही.”

ते पाच वेळा गेले. मीटिंग साडेआठला संपायची, शेवटच्या एस.टी.साठी हे आठलाच उठायचे. म्हणजे खरं बोलणं सुरू होण्याच्या वेळी हे स्टँडवर. मग पावसाने एक आठवडा चुकला, स्टॉक आला म्हणून दुसरा. गणपतीत मित्रांबरोबर बसले आणि तीन दिवस शुद्धीवर नव्हते.

नंतर समोर बसले तेव्हा मी त्यांना एकच विचारलं, “त्या संध्याकाळी कुणाला फोन केला होता?” ते म्हणाले, “कुणाला करणार? पस्तीस किलोमीटरवरून कोण येणार?”

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची ही चळवळ सुरू कशी झाली ते मला ठाऊक होतं, तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं. 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात, परक्या हॉटेलात एका माणसाला दारूची ओढ लागली. त्याने फोन फिरवले ते आपल्यासारखाच दुसरा दारुडा शोधण्यासाठी. असा एक सर्जन भेटला, आणि दोघांच्या बोलण्यातून पुढे सगळं उभं राहिलं. हाकेच्या अंतरावरचा माणूस हेच तर यातलं औषध आहे, आणि मी दादांना त्याच्यापासून लांब पाठवत होते.

मग गावातलाच ग्रुप. शाळेच्या एका वर्गात, आठवड्यातून दोनदा. तिथं काय असतं ते मी आधी नीट सांगितलं: फी नाही, फॉर्म नाही, आडनाव विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. बोलायचं नसेल तर नुसतं बसायचं. शेवटी पिशवी फिरते, जमेल ते टाकायचं. बाहेरची देणगी ते घेतच नाहीत. क्लोज्ड मीटिंग फक्त पिणाऱ्यांसाठी, ओपनला घरचेही चालतात. आणि या वेळी खोटा दिलासा दिला नाही. “ओळखीचं कुणीतरी भेटणारच,” म्हणाले.

भेटलेच. गिरणीवाले काका. दादांच्या दुकानातून दर महिन्याला बीपीच्या गोळ्या नेणारे. दादा दारातच थबकले. काका बाकावर थोडे सरकले, शेजारची जागा हाताने झटकली, बस्स. दुसऱ्या दिवशी ते गोळ्या न्यायला आले, सुटे पैसे मोजून दिले, गेले. वहिनी काउंटरवरच होत्या, त्यांना काहीही कळलं नाही. “ताई, त्या दिवशी मी रात्रभर नीट झोपलो,” दादा म्हणाले.

वहिनींसाठीही ग्रुप असतात हे त्यांना फार उशिरा कळलं, ही माझीच कसूर. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-ॲनॉन आहे, पुण्यात 1986 पासून चालणाऱ्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी ‘सहचरी’ आहे. ग्रुप कुठे भरतो हे माहीत नसेल तर 14446 या सरकारी हेल्पलाइनवर किंवा सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात विचारा. एक मीटिंग नाही रुचली तर दुसरी बघा, प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा असतो. मात्र पायी जाता येईल असा असला तर आधी तोच.

पुढच्या वर्षी गटारीच्या संध्याकाळी जुने मित्र दुकानासमोर गाडी लावून हॉर्न वाजवत होते. दादांनी काकांना फोन केला. पाचव्या मिनिटाला काका पिठाने माखलेल्या बनियनवरच आले आणि काउंटरच्या आतल्या स्टुलावर बसले. साडेदहाला शटर ओढेपर्यंत दोघं पावसाविषयी आणि ज्वारीच्या भावाविषयी बोलत होते.