इंग्लंडात यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबीला जाताय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : जुलैत सासू-सासरे साताऱ्याहून आमच्याकडे येताहेत. दोघंही पक्के शाकाहारी. व्हिटबीला निदान चिप्स, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या जाड फोडी, तरी खाता येतील ना?

विचारल्याशिवाय देऊ नका. यॉर्कशरमधली बरीच दुकानं आजही बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गोमांसाच्या वितळवलेल्या चरबीत तळतात. मासेच नव्हे, चिप्ससुद्धा. खरी चव त्यानेच येते, असं इथले लोक अभिमानाने सांगतात. लपवत कुणी नाही, पण आपल्या मनात शंकाच येत नाही, म्हणून विचारायचं राहून जातं. काउंटरवर दोन गोष्टी विचारा : कशात तळता? आणि ज्यात मासे तळता त्यातच चिप्सही तळता का? तेलात तळणारी दुकानं आहेत. पण तिथेही दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकूनच ऑर्डर द्या. विचारलं म्हणून कुणी वाईट वाटून घेत नाही.

बाकी कॅफेत बीन्स किंवा चीज घातलेला जॅकेट पोटॅटो (सालासकट भाजलेला बटाटा) आणि चीज टोस्टी (चीजचं भाजलेलं सँडविच) मिळते. बोथम्स ही 1865 पासूनची बेकरी आहे, तिथे चहाबरोबर काहीतरी गोड घेता येईल. अंडं चालत नसेल तर तेही विचारा. मार्शमेलो आणि जेलीच्या गोळ्यांत बहुधा जनावरांपासून काढलेलं जिलेटिन असतं. म्हाताऱ्या माणसांसाठी मी तरी दशम्या-चटणी बरोबर घेईन. फक्त बंदराच्या कठड्यापाशी उघड्यावर डबा उघडू नका. सीगल पक्षी मागून झडप घालतात आणि हातातला घास उचलतात. भिंतीला पाठ लावून बसलात तर त्रास कमी.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीचे, मासे म्हणजे जीव की प्राण. तिथे काय चुकवू नये?

हॅडॉक मासा. दक्षिण इंग्लंडात कॉड जास्त चालतो, यॉर्कशरमध्ये मात्र मान हॅडॉकचा. पण माझं मन किपरमध्ये अडकलेलं आहे. हेरिंग मासा पाठीतून चिरून उघडायचा, मिठाच्या पाण्यात मुरवायचा आणि लाकडाच्या धुरावर टांगायचा, झाला किपर. हेन्रिएटा स्ट्रीटवर फॉर्च्यून्सचं छोटंसं दुकान 1872 पासून हेच करतंय. त्या गल्लीत वळलात की धुराचा वासच तुम्हाला दारापर्यंत नेतो. घरी आणून तव्यावर थोड्या लोण्यात परता, वर लिंबू पिळा. मसाला लावू नका, धुराची चव मरते. काटे मात्र बारीक आणि भरपूर, लहान मुलांना निवडून द्या. खेकडाही ताजा मिळतो.

प्रश्न : आईचे गुडघे दुखतात. टेकडीवरचा जुना ख्रिस्ती मठ बघायला 199 पायऱ्या चढाव्याच लागतात का?

नाही. गाडी थेट टेकडीवर जाते, वर वाहनतळ आहे. पायऱ्या चढायच्याच असतील तर मध्ये सपाट टप्पे आणि बाकं आहेत. पूर्वी चर्चच्या दफनभूमीकडे शवपेटी नेणारे तिथे ती टेकवून दम खात.

आईंना वर न्याच. 657 साली हिल्ड नावाच्या बाईने इथला पहिला मठ उभारला. साधू आणि साध्वी, दोघांचा हा मठ तिच्या हाताखाली चाले. 664 साली ईस्टर कोणत्या दिवशी धरायचा यावरचा वाद इथेच मिटवला गेला. आपल्याकडे टिळक पंचांग की निर्णयसागर, तसंच काहीसं. फक्त इथे निवाडा राजाने दिला. आज दिसतात ते पुढच्या शतकांत बांधलेल्या मठाचे अवशेष. वर वारा सोसाट्याचा असतो, जुलैतही कानटोपी असू द्या.

प्रश्न : मुलांना घेऊन वाळूवरून शेजारच्या सँड्सएंड गावापर्यंत चालत जाता येईल का?

ओहोटीला खुशाल जा, साधारण चार किलोमीटर आहे. पण भरतीचं पाणी मध्ये थेट कड्यापर्यंत येतं आणि वाट बंद होते. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. तो हिशेब इथे लावू नका, प्रत्येक बंदराची वेळ निराळी. व्हिटबीचंच भरतीचं वेळापत्रक बघा, पाणी उतरत असताना निघा, आणि परतीला बस धरा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा जास्तच जपा. कुणी अडकलंच तर 999 लावून कोस्टगार्ड मागा.

मुलांना गोल वेटोळ्यांचे दगड शोधायला सांगा. हे अमोनाइट, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या सागरी जिवांचे जीवाश्म. हिल्डने सापांचे दगड केले अशी इथली दंतकथा. पूर्वी कारागीर त्यांवर सापाचं डोकं कोरून विकत. देवघरातला गंडकीचा शाळिग्राम हाही अमोनाइटच, हे आजीने नातवंडांना तिथेच दाखवावं. सुटे पडलेले दगडच उचला. कडा ठिसूळ आहे, दगड सुटतात. पायथ्याशी बसू नका.

प्रश्न : लीड्सहून गाडीशिवाय जमेल?

जमेल. कोस्टलायनरची 840 क्रमांकाची बस लीड्स, यॉर्क, पिकरिंग करत मूर्सच्या माळावरून जाते. ऑगस्टमध्ये या माळावर हेदर नावाचं जांभळ्या फुलांचं झुडूप फुललेलं असतं, म्हणून वरच्या मजल्यावर पुढची जागा धरा. प्रवास लांबचा आहे, मुक्काम करा. परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या बघून ठेवा.