फरशी ऊबदार, खोली गार: बाथरूमच्या जादा हीटरवर किती खर्च करावा?

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये रीडिंगला राहतो. बाथरूमच्या फरशीखाली विजेचे हीटिंग आहे, तरी कडाक्याच्या थंडीत खोली गारच राहते. नोव्हेंबरमध्ये सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येत आहेत. बॉयलरच्या पाण्यावर चालणारा ६०० वॅटचा टॉवेल रेडिएटर बसवायला प्लंबरने ११५० पौंड सांगितले आहेत, तर भिंतीवरचा दोन किलोवॉटचा पंख्याचा हीटर २६० पौंडांत बसतो. गॅस विजेपेक्षा कितीतरी स्वस्त असल्यामुळे रेडिएटरच घ्यावा असे आम्हाला वाटते. पैसे कॅश आयसामधून (करमुक्त व्याजाच्या बचत खात्यातून) काढू. तिथे ४ टक्के व्याज मिळते. निर्णय बरोबर आहे का?

उत्तर: गॅस स्वस्त आहे हे तुमचे म्हणणे खरे आहे, पण त्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ या तिमाहीत ऑफजेम या ब्रिटनच्या ऊर्जा नियामकाने ठरवलेल्या कमाल दरानुसार विजेच्या एका युनिटला सरासरी २६.३५ पेन्स पडत होते आणि गॅसच्या युनिटला ६.२९ पेन्स; बॉयलरमध्ये वाया जाणारी उष्णता धरली तरी गॅसची ऊब युनिटमागे सात पेन्सच्या आसपास पडत होती. पुढचा हिशेब याच दरांवर केला आहे. मात्र दरांतला हा फरक वर्षाकाठी किती पौंड वाचवतो, हे ती ऊब आपण रोज किती वेळ वापरतो यावर ठरते, आणि बाथरूममध्ये माणूस फार वेळ नसतो.

तिघांच्या अंघोळींना मिळून हीटर रोज पाऊण तास चालला, तर दीड युनिट वीज लागेल, म्हणजे सुमारे ४० पेन्स. नोव्हेंबर ते मार्च या दीडशे दिवसांचे ५९ पौंड होतात. रेडिएटर सेंट्रल हीटिंगबरोबर रोज पाच तास तापला, तर तीन युनिट उष्णतेचे साधारण २१ पेन्स, म्हणजे त्याच काळाचे ३२ पौंड. बचत झाली २७ पौंडांची, आणि तिच्यासाठी तुम्ही आज ८९० पौंड जास्त मोजणार आहात. ही रक्कम वसूल व्हायला तेहतीस वर्षे लागतील. तेच ८९० पौंड आयसामध्ये राहिले, तर आजच्या दराने वर्षाला ३५ पौंड करमुक्त व्याज मिळते, म्हणजे न केलेला खर्चच बचतीपेक्षा जास्त कमावतो. म्हणून माझा सल्ला पंख्याच्या हीटरचा आहे.

त्याआधी एक बिनखर्ची गोष्ट करून पाहा. फरशीखालची तापणाऱ्या तारांची चटई टब आणि कमोडखाली घालत नाहीत, त्यामुळे पाच चौरस मीटरच्या खोलीत प्रत्यक्षात जेमतेम अडीच चौरस मीटर जमीन तापते. फरशी २९ अंशांवर आणि हवा २० अंशांवर असताना एका चौरस मीटरमधून सुमारे १०० वॅट उष्णता वर येते. तुमच्या वाट्याला अडीचशे वॅट आले. बाहेरची भिंत आणि खिडकी असलेल्या खोलीला गोठवणाऱ्या थंडीत सहज सहाशे-सातशे वॅट लागतात. थर्मोस्टॅटचा आकडा वाढवत नेल्याने ही तूट भरून निघत नाही, कारण फरशी एका मर्यादेपलीकडे तापू दिली जात नाही. मात्र टायमर अंघोळीच्या तासभर आधी लावला, तर पाऊल टाकताना फरशी पूर्ण तापलेली असते आणि उरलेली तूट हीटर दहा मिनिटांत भरून काढतो.

केवळ विजेवर चालणाऱ्या टॉवेल रेलचा मोह मात्र टाळा. तीनशे वॅटची ही नळी किरकोळ वाटते, म्हणून लोक ती दिवसरात्र चालू ठेवतात, आणि मग तिला दिवसाला १ पौंड ९० पेन्स लागतात. हिवाळाभरात हा आकडा २८० पौंडांच्या पुढे जातो, आणि वर जाड टॉवेल टाकला की खोलीत येणारी उष्णताही अडते.

सासूबाईंसाठी दोन गोष्टी आवर्जून सांगतो. ज्या पिढीने न्हाणीघरात बंब पेटवून पाणी तापवले, तिला अंघोळीची जागा ऊबदार असण्याची सवय असते. ओल्या अंगावर आलेली गार झुळूक त्यांना तुमच्यापेक्षा जास्त बाधेल. हीटर त्या आत जाण्यापूर्वीच चालू व्हायला हवा, म्हणून त्याची दोरी किंवा बटण त्यांच्या हाताला येईल अशा उंचीवर लावून घ्या. दुसरी गोष्ट, तात्पुरती सोय म्हणून दाराच्या फटीतून एक्स्टेंशन वायर ओढून सुटा हीटर आत ठेवू नका. ओल्या फरशीवर लालभडक कॉइलचा हीटर आणि शेजारी अंघोळीची बादली, हे दृश्य मी एका घरी पाहिले आहे आणि ते आजही आठवले की जीव घाबरतो. इंग्लंडमध्ये बाथ आणि शॉवरजवळच्या विजेच्या कामाला इमारत नियमांतला पार्ट पी, म्हणजे घरातल्या विजेच्या सुरक्षिततेचा भाग, लागू होतो. नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडूनच काम करून घ्या आणि त्याचे प्रमाणपत्र घराच्या कागदपत्रांत जपून ठेवा, कारण घर विकताना खरेदीदाराचा वकील ते मागतो.

माझे मत एका परिस्थितीत बदलेल. पुढच्या दोन-तीन वर्षांत टाइल्स काढून बाथरूम नव्याने करणार असाल, तर त्याच वेळी पाइप टाकून घेणे पुष्कळ स्वस्त पडेल, आणि टॉवेल सुकणे, भिंतींची ओल कमी होणे हे रेडिएटरचे खरे फायदेही पदरात पडतील. तेव्हा तो मोठ्या मापाचा घ्या. बॉयलर जाऊन हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता घरात आणणारे विजेचे यंत्र, आला (इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यासाठी ७५०० पौंडांचे सरकारी अनुदान आहे), तर कमी तापमानाच्या पाण्यावर तोच रेडिएटर जवळपास निम्मीच ऊब देतो.

२६० पौंड शक्यतो महिन्याच्या पगारातूनच द्या. आयसाला हात लावावाच लागला, तर तुमचे खाते फ्लेक्सिबल आहे का ते बँकेला आधी विचारा. तसे नसेल, तर काढलेली रक्कम परत भरताना ती ५ एप्रिलला संपणाऱ्या वर्षाच्या २०,००० पौंडांच्या मर्यादेत नव्याने मोजली जाते.