फायनान्स कंपनीकडून माहिती फुटली, तर भरपाई मागता येते का?

तुम्ही विचारलंय की, यावलला राहून एका फायनान्स कंपनीकडून दुचाकीसाठी कर्ज घेतलं, आता कंपनीचा एसएमएस आलाय की काही ग्राहकांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता आहे. पैसे अजून गेलेले नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर 'भरपाईचा फॉर्म' फिरतोय, तो भरू की वकील लावू?

भाऊ, तो फॉर्म अजिबात भरू नका. आपल्याकडे अशी भरपाई लिंकवरून वाटली जात नाही. तुमचा आधार नंबर आणि खातेनंबर दुसऱ्यांदा काढून घ्यायचा तो डाव आहे. आणि वकील आज लगेच लागत नाही.

मी धुळ्यात एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालो, आता ओळखीपाळखीच्या लोकांना तक्रारअर्ज लिहून देतो. अनुभवाने सांगतो, नुसती माहिती फुटली म्हणून पैसे मिळणं अवघड आहे. नुकसान झालं आणि ते कंपनीच्या हलगर्जीपणामुळे झालं, हे दोन्ही दाखवावं लागतं. या दोन्हींमधला धागा कागदावर नसेल तर चांगली तक्रारसुद्धा पडते.

चोपडा तालुक्यातल्या माझ्या साडूंचंच घ्या. त्यांना एक फोन आला. समोरच्याला कर्जाचा खातेनंबर माहीत, हप्त्याची ७ तारीख माहीत, वर जामीनदाराचं नावही माहीत. साडूंनी ओटीपी दिला नाही, फोन ठेवला आणि विषय सोडून दिला. चार महिन्यांनी पीककर्जासाठी शाखेत गेले, तर तिथे कळलं की त्यांच्या नावावर कुठल्याशा अ‍ॅपचं ३८ हजारांचं कर्ज थकलंय. पेरणी तोंडावर आलेली. बियाणं आणि खत उधारीवर उचलावं लागलं, तेही चढ्या भावाने. आता विचार करा, जामीनदाराचं नाव साडूंना कर्ज देणाऱ्या कंपनीशिवाय दुसऱ्या कुणाकडे असणार? आमचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच होता, आणि तो फक्त साडूंच्या तोंडी होता. कॉलची नोंदसुद्धा मोबाइलमधून पुसली गेली होती. त्या खोट्या कर्जाची नोंद शेवटी काढली गेली, पण नुकसानभरपाईचा अर्ज अजून जिल्हा ग्राहक आयोगात चालू आहे आणि गाडी त्याच जागी अडकलीय.

म्हणून तुम्ही आजच कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहा. माझी नेमकी कोणती माहिती गेली, कोणत्या तारखेला गेली, तुम्हाला कधी कळलं, तुम्ही काय केलं, एवढे चार प्रश्न विचारा. ईमेल कराच, पण शाखेत जाऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांकही घ्या. 'साहेब आल्यावर देतो' म्हणाले तर तिथून निघा आणि स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. यापुढे संशयास्पद फोन आला की वहीत तारीख, वेळ, नंबर आणि समोरच्याला तुमच्याबद्दल काय काय माहीत होतं ते लिहून ठेवा.

त्याच दिवशी स्वतःचा क्रेडिट रिपोर्टही, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांचा उतारा, काढा. देशात सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. भलतंच कर्ज दिसलं तर त्यांच्याकडेही आणि कर्ज देणाऱ्याकडेही तक्रार करा. ३० दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. हा नियम कुणी आपणहून सांगत नाही, अर्जात तुम्हीच लिहा.

खात्यातून पैसेच गेले तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, लगेच बँकेत तक्रार. चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक बँकेचीही नाही, तुमचीही नाही, तिसरीकडूनच घोटाळा झाला, तर बँकेचा मेसेज आल्यापासून कामाच्या ३ दिवसांत कळवलं तरी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त १० हजार तुमच्या अंगावर येतात. हे रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात आहे. ग्राहकाची चूक सिद्ध करायची जबाबदारीही बँकेवरच टाकलेली आहे. ओटीपी आपणच दिला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान आपलं.

कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवाउडवी केली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, सीएमएस या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. फी नाही, चौकशीसाठी नंबर १४४४८. बँका आणि १०० कोटींच्या वर मालमत्ता असलेल्या, ग्राहकांशी थेट व्यवहार करणाऱ्या फायनान्स कंपन्या यात येतात. पतसंस्था येत नाहीत. आपल्या जळगाव-धुळ्याकडे निम्मी माणसं पतसंस्थेत पैसे ठेवतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. पतसंस्थेची तक्रार सहकार खात्याकडे, म्हणजे उपनिबंधक कार्यालयात. ग्राहक आयोगाचं दार मात्र पतसंस्थेच्या सभासदालाही उघडं आहे, सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच ते मान्य केलंय.

लोकपालाकडे आधी जा, आयोगाकडे नंतर. तेच प्रकरण आयोगात चालू असेल तर लोकपाल ते हातात घेत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार कंपनीचं मुख्यालय मुंबईत असो की चेन्नईत, तुम्ही जळगावच्या जिल्हा आयोगातच अर्ज करू शकता. मुदत दोन वर्षं, सेवेची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि स्वतः उभं राहता येतं. एकाच कंपनीचे बरेच ग्राहक असाल तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एकच तक्रारही चालते.

तिसरा रस्ता माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३-अ कलमाचा. खात्याची, कार्डाची माहिती सांभाळण्यात कंपनीने हलगर्जी केली आणि तुमचं नुकसान झालं, तर राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे ५ कोटींपर्यंत दावा लावता येतो. याच पदावरून २०१३ मध्ये पुण्याच्या एका उद्योजकाला ४५ लाख द्यायचा आदेश बँकेला झाला होता. पण हे कलम जाणार आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा नोव्हेंबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने लागू होतोय, आणि १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, ४३-अ रद्द होईल. नव्या कायद्यात कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड आहे, पण तो सरकारच्या तिजोरीत जमा होतो, ज्याचं नुकसान झालं त्याला त्यातला रुपयाही नाही. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. तुमचं नुकसान झालंच, तर हे दार उघडं आहे तोवरच हालचाल करा.

आणि एक, तुमच्या जामीनदारालाही आजच फोन करा. त्याचा पॅन, पत्ता, सही त्याच फाइलमध्ये होती, आणि त्याला बहुतेक एसएमएससुद्धा आलेला नसेल.