बाथरूमचं छत लेव्हलमध्ये नसेल तर टाइल्सची वरची ओळ कशी बसवायची

बाथरूमचं छत लेव्हलमध्ये नाही, टाइल्सची वरची ओळ कशी बसवायची, असं तुम्ही विचारलंत. तुमचे आकडे वाचले आणि दुखणं लगेच ओळखलं. पहिल्या ओळीच्या खालच्या कडेपासून छत एका कोपऱ्यात 2425 मिमी, दुसऱ्यात 2452. टाइल 300 बाय 600, आडवी, सांधा 2 मिमी. खालून पूर्ण टाइलने सुरुवात, चार ओळी लागून झाल्या. आता मिस्त्री म्हणतोय, "उरलेल्या चार ओळींत थोडं थोडं उचलत नेतो, वर जे राहील ते व्हाइट सिमेंटने भरतो." पाचवी ओळ लागायच्या आत काम थांबवा. आत्ता तुमच्या हातात तीन चांगले मार्ग आहेत. अशी तिरकी सातवी-आठवी ओळ लागली की एकच उरेल, आणि तो हातोड्याचा असेल.

हे "सांध्यात जिरवणं" हीच या कामातली सगळ्यात महाग चूक आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल. 27 मिमी चार ओळींत वाटायचे म्हणजे प्रत्येक सांधा एका टोकाला 2 मिमी आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ 9 मिमी. ग्राउट, म्हणजे सांधे बुजवायचा मसाला, भरल्यावर ती पाचर दारातून दिसते. त्याहून वाईट म्हणजे टाइल उचलली की तिची उभी कडही कलते. सगळ्यात वरच्या ओळीत 300 मिमी उंचीत साधारण साडेतीन मिमी कल येतो. कोपऱ्यात शेजारच्या भिंतीची टाइल ओळंब्यात उभी असते, तिच्याशी ही जुळत नाही, मग तिथे वर रुंद खाली अरुंद अशी फट राहते. शेजारच्या भिंतीचे आडवे सांधेही त्या कोपऱ्यात पुढेमागे होतात, म्हणून तीही भिंत तिरकी करावी लागते आणि हे लोण चारही भिंतींवर फिरतं. शेवटी दाराची चौकट, आरसा, नळांची रांग, शेल्फ हे सगळं लेव्हलमध्ये लावणार. त्यांच्या शेजारी तिरकी ओळ आणखीच तिरकी दिसते. छत वाकडं असलं तर ते एकाच ठिकाणी वाकडं असतं. सांधे तिरके केलेत तर अख्खी खोली वाकडी होते. सांधे लेव्हलमध्येच राहणार आणि सगळा फरक कापलेल्या ओळीत जाणार, यावर मिस्त्रीशी वाद झाला तरी मागे हटू नका.

व्हाइट सिमेंटचंही तेच. आठ ओळींची उंची 2416 मिमी, म्हणजे वर 9 ते 36 मिमी फट उरते. एवढ्या रुंद फटीत भरलेलं व्हाइट सिमेंट सुकताना आकसतं, छताच्या रेषेत सुटतं, भेग पडते आणि त्या भेगेत वाफ जाऊन काळी बुरशी धरते. त्यात 9 च्या शेजारी 36 म्हणजे चौपट. डोळा मिलिमीटर मोजत नाही, प्रमाण पाहतो. हाच 27 मिमीचा फरक 156 ते 183 मिमीच्या तुकड्यांवर पडला असता तर कोणाच्या लक्षातही आला नसता. छताजवळचा शेवटचा आडवा सांधा छतापासून जितका लांब, तितकं छताचं वाकडेपण कमी दिसतं. या कामाचं मर्म तेवढंच आहे.

त्यासाठी खालची ओळ पूर्ण न घेता सुरुवातीलाच 150 मिमीची घ्यायची असते. 150 अधिक सांधा, त्यावर सात पूर्ण ओळी, बेरीज 2266. वर 159 ते 186 जागा, त्यातून छत आणि टाइल यांच्यामधली 3 मिमीची फट सोडली की वर सांगितलेले 156 ते 183. बाथरूमच्या जमिनीला ढाळ असतो, त्यामुळे खालची ओळ तशीही कापावीच लागते. मग ती पूर्ण टाइलची ठेवायचा हट्ट कशाला, हे मला आजवर कळलेलं नाही. दुसऱ्या ओळीखाली लेव्हलमध्ये सरळ पट्टी ठोकून तिथून काम सुरू करायचं आणि खालची ओळ जमिनीची फरशी बसल्यावर लावायची. तुमची ही वेळ गेली, पण दुसरं बाथरूम बाकी असेल तर तिथे हेच करा.

आता चार ओळी लागलेल्या असताना काय?

पहिला मार्ग, माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात सोपा: मध्ये एक आडवी पट्टी घाला. चौथ्या ओळीवर 100 मिमीची पट्टी आणि तिचा सांधा, त्यावर तीन पूर्ण ओळी. बेरीज 1208 + 102 + 906 = 2216. वर 209 ते 236 उरतात, 3 मिमी सोडून तुकडे 206 ते 233 चे. छान प्रमाण आहे. पट्टी वेगळ्या रंगाच्या टाइलमधून कापून घेतली तरी चालते. फक्त जाडी सारखी हवी. मोझॅकची शीट बहुधा टाइलपेक्षा पातळ असते, तिच्यामागे ऍडेसिव्हचा थर आधी लावून सुकू द्यावा लागतो, नाहीतर ती आत बसलेली दिसते. पट्टी चारही भिंतींवर फिरलीच पाहिजे. एकाच भिंतीवर घातलीत तर कोपऱ्यात सांधे चुकतील.

दुसरा मार्ग: सात ओळींवर, म्हणजे 2112 मिमीवर टाइल्स थांबवा. चौकटीची उंची साधारण याच्या आसपासच असते, त्यामुळे रेषा शोभते. वर 313 ते 340 मिमीचा रंगवलेला पट्टा राहतो. त्या पट्ट्याला आणि छताला एकच रंग द्या, छताची कडच हरवते. मात्र टाइल आणि ऍडेसिव्ह मिळून भिंतीच्या बाहेर 10-12 मिमी येतात. ही पायरी गिलाव्याने भरून घ्या किंवा वरच्या कडेला धातूची एज पट्टी आधी ऍडेसिव्हमध्ये दाबून मग सातवी ओळ लावा. उघडी कड तशीच ठेवली तर तिच्यावर धूळ आणि ओल साठते. शॉवर त्या उंचीच्या वर असेल तर हा मार्ग सोडा.

तिसरा: फॉल्स सीलिंग. पीव्हीसी पॅनेल किंवा ओलाव्यात टिकणारा जिप्सम बोर्ड, फ्रेमसकट 40 मिमीच्या आसपास जागा घेतो. सगळ्यात खालच्या बिंदूपासून मोजून 2385 ला लेव्हलची रेषा मारली, तर आठवी ओळ पूर्ण लावायची, तिचा वरचा भाग सीलिंगमागे जातो आणि एकही तुकडा कापावा लागत नाही. कडेचा अँगल टाइलवर बसवताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा आणि टाइलचा बिट वापरा. वरून पाइप जात असतील तर उघडता येणारी झडप ठेवा. वरच्या मजल्याची गळती असेल तर आधी ती बंद करा. सीलिंगने डाग झाकला जातो, स्लॅबमधली सळई आत गंजत राहते.

छतालाच गिलावा करून लेव्हल आणू, असंही कोणीतरी सुचवेल. फरक 8-10 मिमीपर्यंत असेल तर ठीक. छताला 27 मिमीचा थर देऊ नका, तो स्वतःच्या वजनाने सुटतो आणि डोक्यावर पडतो. पुट्टीचं तर नावच काढू नका, ती दोन-तीन मिमीची वस्तू आहे.

यातलं काहीही ठरवण्याआधी छत नीट मोजा. तुम्ही दोन कोपऱ्यांचे आकडे दिलेत, ते पुरेसे नाहीत. लेझरने किंवा पाण्याच्या नळीने साधारण मीटरभर उंचीवर चारही भिंतींवर रेषा फिरवा. नळीत हवेचा बुडबुडा नको. मग दर 300 मिमीवर रेषेपासून छतापर्यंत मोजून आकडा तिथेच भिंतीवर पेन्सिलने लिहा. आकडे एका दिशेने वाढत गेले तर छत नुसतं कललेलं आहे, वर सांगितलेला हिशेब लागू. मध्येच एखादा आकडा 6-7 मिमीने कमी आला तर तिथे गिलाव्याचा उंचवटा आहे. तो ठोकून पाहा, पोकळ वाजला तर टाइल लावायच्या आधी काढा. भरीव असेल तर छिन्नीने फक्त गिलावा उतरवा, काँक्रीटला हात लावू नका, सळई फार आत नसते. आणि छत मधोमध खाली आलेलं असेल, भेगा किंवा गंजाचे डाग असतील, तर हे टाइलचं प्रकरण नाही, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. मी इथे बसून फक्त कललेल्या छताबद्दल सांगू शकतो.

कापायचं कसं, यावर थोडं सविस्तर, कारण चांगला हिशेबही इथेच वाया जातो. सगळे तुकडे एका मापाने कापायचे नाहीत. 2400 मिमी लांब भिंतीवर 27 मिमी फरक म्हणजे प्रत्येक 600 मिमी टाइलमागे जवळजवळ 7 मिमी. एका मापाने कापले तर छताखाली करवतीचे दात दिसतील. प्रत्येक तुकडा त्याच्या जागेवर आखायचा. शेवटच्या पूर्ण टाइलवर, कडा जुळवून, कापायची टाइल धरा. तिच्यावर दुसरी पूर्ण टाइल धरून वर सरकवा, छतापर्यंत, ती आणि छत यांच्यामध्ये 5 मिमीचे स्पेसर, म्हणजे नेमकी फट राखणारे छोटे तुकडे, ठेवून. या दुसऱ्या टाइलच्या खालच्या कडेने पहिलीवर रेघ मारा. रेघेखालचा जो भाग उघडा दिसतो तोच तुमचा तुकडा. छताचा तिरकेपणा त्यात आपोआप आलेला असतो, आणि 5 मिमीत खालचा 2 मिमी सांधा व वरचे 3 मिमी दोन्ही धरले गेले. कंपनीची कड खाली सांध्याकडे, कापलेली छताकडे. तुकड्यामागे भिंतीवरच्या जागेचा नंबर लिहा, नाहीतर तुकड्यांची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही.

तिरका काप हातकटरवर होतो. गाइड सैल करून रेघेची दोन्ही टोकं चाकाखाली आणायची आणि एकाच दमात ओढायचं. उंचवट्याला वळवून कापायचं असेल तर ग्राइंडर, सलग कडेची डायमंड ब्लेड आणि पाणी. कोरडं कापू नका, ती धूळ फुप्फुसाला घातक आहे. मास्क आणि चष्मा हवाच.

वरच्या ओळीत खाच्यांची थापी नीट फिरत नाही, म्हणून ऍडेसिव्ह तुकड्याच्या मागे लावा, पूर्ण पाठ भरून. तुकडा खाली घसरू नये म्हणून स्पेसर आणि मास्किंग टेप. छत रंगवताना भिंतीच्या वरच्या भागावर आलेला जुना रंग आधी खरवडा, रंगावर ऍडेसिव्ह धरत नाही. छताचे पहिले हात टाइल्सच्या आधी मारून घ्या, शेवटचा नंतर.

छत आणि टाइल यांच्यामधली 3 मिमी फट ग्राउटने भरायची नाही. स्लॅब आणि भिंत तापमानाने वेगवेगळी हलतात, ग्राउट तडकतो. तिथे बुरशीरोधक सिलिकॉन, किंवा वर रंग मारायचा असेल तर ऍक्रिलिक सीलंट, कारण सिलिकॉनवर रंग बसत नाही. दोन्ही बाजूंना टेप लावून भरा, ओल्या बोटाने ओढा आणि सीलंट ओलं असतानाच टेप काढा.

टाइल्स मोजताना एक धोका. दुकानातला हिशेब क्षेत्रफळावर चालतो. खोलीचा घेर 7.8 मीटर असेल तर वरच्या ओळीत 13 तुकडे लागतात, आणि 206 ते 233 मिमीचा तुकडा एका टाइलमधून एकच निघतो. क्षेत्रफळाने ही ओळ साडेनऊ टाइल्सची भरते, म्हणजे तीन-चार टाइल्स तिथेच कमी पडतात, तुटफूट वेगळी. नंतर आणायला गेलात तर दुसऱ्या बॅचची छटा वेगळी येते, तीही नेमकी दिव्याजवळच्या ओळीत. खोक्यावरचा बॅच आणि शेड नंबर आत्ताच पाहा आणि त्याच नंबरचं एक खोकं जास्तीचं आणून ठेवा.

चारही भिंतींचे आकडे लिहून टाका, दारावरचे आणि आरशावरचे वेगळे. लोकांची नजर त्याच दोन ठिकाणी जाते. ते कळले की पट्टी चौथ्या ओळीवर घ्यायची की सहाव्या, हे नक्की सांगता येईल.