वाचकांचे प्रश्न : वाघिणीला कृत्रिम रेतन का करत नाहीत?

प्रश्न : गाय माजावर आली, की पशुवैद्य गोठ्यात येऊन रेतन करून जातात. आमच्या भीमगडच्या जंगलात वाघ मोजकेच आहेत. मग हाच उपाय वाघिणींवर का करत नाहीत?
– एक वाचक, जांबोटी (ता. खानापूर, जि. बेळगाव)

उत्तर : करतात, पण प्राणिसंग्रहालयांत, आणि तिथेही यश बेताचेच येते. गायीचा माज हंबरण्यावरून व बळसावरून (योनीतून येणाऱ्या चिकट स्रावावरून) कळतो आणि तिचे बीजांड वेळ झाली की आपोआप सुटते. वाघिणीचे मात्र बहुधा नराशी समागम झाल्यावरच सुटते. त्यामुळे ते संप्रेरकांची इंजेक्शने देऊन सोडवावे लागते, आणि मात्रा थोडी चुकली तरी गर्भ राहण्याची शक्यता घटते. त्यात वीर्य घेताना नराला आणि रेतनाच्या वेळी मादीला भूल द्यावी लागते, तर अनेकदा पोटाला बारीक छेद घेऊन दुर्बिणीतून पाहत वीर्य थेट गर्भाशयात सोडतात. हे गोठ्यातले काम नव्हे!

तरीही १९९० साली अमेरिकेतील ओमाहा येथे परीक्षानळीतील गर्भापासून वाघाचे बछडे जन्मले आणि २०२० साली कोलंबसच्या प्राणिसंग्रहालयात एका चित्त्याच्या मादीने दुसरीचे दोन बछडे पोटात वाढवून जन्माला घातले. लामचित्त्याच्या (ढगांसारखे पट्टे असलेल्या, बिबट्यासारख्या रानमांजराच्या) बाबतीत तर कृत्रिम रेतनाची सोय फार मोलाची आहे, कारण पिंजऱ्यात एकत्र सोडल्यावर त्याचा नर कधी कधी मादीला ठारच मारतो. २०१७ साली नॅशव्हिल येथे गोठवलेल्या वीर्यापासून त्याचे पिल्लू जन्मले. प्राणी न हलवता नवे रक्त आणणे, हा या तंत्राचा खरा उपयोग. भीमगडला हवे आहे ते वेगळेच : पुरेसे सांबर-गवे, आणि दक्षिणेला काळी व्याघ्र प्रकल्पाशी, पश्चिमेला गोव्याच्या म्हादई अभयारण्याशी जोडणारे सलग रान. ते असले, तर वाघ आपल्या पायांनी येतो. पिंजऱ्यात जन्मलेल्या बछड्याला आईकडून शिकार शिकायला मिळत नाही आणि त्याला माणसाचे भय उरत नाही. असा वाघ कणकुंबीच्या रानात सोडणे गावकऱ्यांनाही परवडणारे नाही.

प्रश्न : भूतरामनहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात हे जमेल का?
– एक विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : रेतन करणे तिथे अवघड आहे. वन्यप्राण्यांच्या प्रजननावर काम करणारी, हैदराबादच्या ‘लॅकोन्स’सारखी प्रयोगशाळा त्यासाठी पाठीशी लागते, तिने चितळ आणि काळवीट यांची पिल्ले कृत्रिम रेतनाने जन्माला घातली आहेत. बीज राखून ठेवण्याचे काम मात्र लहान प्राणिसंग्रहालयातूनही सुरू होऊ शकते. नर मेल्यानंतर काही तासांच्या आत त्याचे वृषण काढून बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पोहोचवले, तर त्यातील जिवंत शुक्राणू उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षे ठेवता येतात.