पाच कार्डं गेली, आलं एकही नाही

ताई, तुम्ही लिहिलंय की पोस्टक्रॉसिंगवर, म्हणजे जगभरच्या अनोळखी लोकांना चित्रकार्डं पाठवायला पत्ते देणाऱ्या वेबसाइटवर, पाच कार्डं पाठवून महिना झाला, घरी एकही आलं नाही आणि सहावा पत्ताही मिळेना. तुमचं काहीच चुकलेलं नाही. नव्या सदस्याची एका वेळी पाचच कार्डं वाटेवर असू शकतात. त्यातलं एक पोचलं आणि घेणाऱ्याने त्यावर तुम्ही लिहिलेला, साइटने दिलेला क्रमांक तिथे नोंदवला, की तुमचा पत्ता तिसऱ्याच कुणाला तरी दिला जातो. म्हणजे तुम्ही फिनलंडला लिहायचं आणि तुम्हाला कार्ड यायचं तैवानहून! २००५ साली पोर्तुगालच्या पाउलो मागाल्याइंशने हे सुरू केलं तेव्हापासून हीच पद्धत आहे. ६० दिवसांत नोंद झाली नाही, तर ते कार्ड तुमच्या पाचांतून वगळलं जातं आणि जागा मोकळी होते. नंतर पोचलं तरी वर्षभरात नोंदवता येतं.

क्रमांक मात्र दोन ठिकाणी लिहा. एका जागी शिक्का बसला किंवा पावसाने शाई फुटली, तर दुसरा वाचता येतो. पावसाळ्यात साधं बॉलपेनच बरं. तिकिटं चिकटवायच्या आधी परदेशाचा सध्याचा दर खिडकीवर विचारा आणि एका मोठ्या तिकिटाऐवजी दोन-तीन वेगवेगळी, चित्रांची मागा. पुण्यात साधू वासवानी चौकाजवळच्या जीपीओत, म्हणजे मुख्य पोस्टात, फिलाटेलीचा म्हणजे संग्राहकांसाठीच्या तिकिटांचा विभाग आहे, तिथे एकदा जाऊनच या. पुण्याची चांगली चित्रकार्डं दुकानांत सहज मिळत नाहीत, म्हणून मी स्वतः काढलेले फोटो चार बाय सहा इंचांत जाड कागदावर छापून घेते.

आता मजकूर. ‘पुणे हे सांस्कृतिक शहर आहे’ असं कृपया लिहू नका, ते त्यांना नेटवरही वाचायला मिळतं. आधी समोरच्याचं प्रोफाइल नीट वाचा. कुणी दीपगृहं जमवतो, कुणी आजीच्या हातच्या पदार्थाची कृती मागतो. कृती मागितली असेल तर थालीपीठ चार ओळींत मावतं, मी कितीदा लिहिलंय. काहीच मागितलं नसेल तर त्या दिवशी तुमच्या डोळ्यांसमोर जे आहे ते लिहा. ज्येष्ठात पालख्या येतात, ज्ञानोबांची भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला असते. त्या दिवशी तुमच्या सोसायटीने वारकऱ्यांना कशाचं वाटप केलं, कुणाच्या पायांना तेल चोळून दिलं, हे दुसरं कोण लिहिणार? नुसतं ‘हॅपी पोस्टक्रॉसिंग’ लिहून पाठवलेलं कार्ड माझ्या मते वाया गेलेलं कार्ड. अनोळखी माणसाने आपल्यासाठी पेटी उघडून पाहायची, तर त्यात आपण असायला हवं.

आणि तुमचं स्वतःचं प्रोफाइल? ‘कुठलंही कार्ड चालेल’ एवढ्यावर लिहिणाऱ्याला काही सुचत नाही. तुमच्या गावच्या बाजारात आज काय विकायला आलंय, तुमच्याकडे पहिला पाऊस कधी पडतो, असा एखादा प्रश्न तिथे घाला. उत्तरं फार सुंदर येतात.