संध्याकाळी रिव्हॉल्व्हरची माशी दिसत नाही. ट्रिटियमची साइट घ्यावी का, आणि रेड डॉटची काच कशी सांभाळावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहणं टेक्सासमध्ये, वय ४७, घरात .३५७ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर, दिवेलागणीला काळी माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा) मागच्या काळ्या खाचेत हरवते. दुकानदार म्हणतो ट्रिटियमची, म्हणजे अंधारात आपोआप चमकणारी साइट घ्या, मित्र म्हणतो सरळ रेड डॉट (काचेवर लाल ठिपका दाखवणारी बॅटरीवरची साइट) बसवा. मी ह्यूस्टनजवळ राहतो आणि गेली बरीच वर्षं रूगर कंपनीचं जीपी १०० रिव्हॉल्व्हर वापरतो, तेव्हा अनुभवाचं सांगतो.

पैसे खर्च करण्याआधी एका संध्याकाळी घरातच बघा. सिलिंडर उघडा, सगळी काडतुसं काढून दुसऱ्या खोलीत ठेवा, सिलिंडरची सगळी घरं बोट घालून पुन्हा तपासा. मग सुरक्षित भिंतीकडे नेम धरून उभे राहा आणि बायकोला एकेक दिवा बंद करायला सांगा. (माझी म्हणाली, "हे काय नवीन?" तरी केलं तिने.) माशी नेमकी कधी गायब होते ते लक्षात ठेवा. दोन दिवे चालू असतानाच गेली, तर दोष अंधाराचा नाही, चाळिशीचा आहे.

माझं तेच झालं होतं. चष्मा दूरचा, म्हणून समोरची भिंत स्वच्छ दिसे आणि हाताच्या अंतरावरची माशी म्हणजे काळा ढग. बायफोकल घातला की मान कोंबडीसारखी मागे जायची. शेवटी चष्मेवाल्याला डोळ्यापासून माशीपर्यंतचं अंतर मोजून दिलं आणि कम्प्युटरच्या चष्म्यासारखा नंबर फक्त उजव्या डोळ्याला करून घेतला. निम्मी तक्रार तिथेच मिटली.

आता ट्रिटियम. बारीक काचेच्या नळीत ट्रिटियम वायू भरलेला असतो आणि आतून फॉस्फरचा थर. वायूतून निघणारे बीटा कण त्या थरावर आपटले की तो उजळतो. बॅटरी नाही, उन्हात ठेवून चार्ज करायची भानगड नाही. किरणोत्सार ऐकून घाबरू नका, हे कण इतके दुबळे असतात की कातडीसुद्धा भेदत नाहीत. पण अर्धायुष्य १२.३ वर्षं. म्हणजे बारा वर्षांनी उजेड अर्ध्यावर येतो, आणि फॉस्फर थकतो तो वेगळा. जुनं हत्यार 'नाइट साइटसकट' म्हणून कोणी विकत असेल तर साइट कधी बनली ते आधी विचारा.

खरी गोम पुढे आहे. मिट्ट काळोखात ट्रिटियमचा हिरवा ठिपका छान दिसतो, पण समोर कोण आहे ते दिसत नाही. आणि समोर कोण ते दिसत नसेल तर चापावर बोट जाताच कामा नये. रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात पाणी प्यायला उठलेला आपलाच मुलगा असतो. बरं, टॉर्च लावला तर उजेडात तो ठिपका फिका पडतो आणि उजळलेल्या भिंतीवर साधी काळी माशीच कोरल्यासारखी उठून दिसते. मधल्या झावळ्या उजेडात ट्रिटियमचा उपयोग आहे, नाही असं नाही, पण तो पट्टा अरुंद आहे. म्हणून माझा क्रम: आधी चांगला टॉर्च, मग माशीचा रंग, मग ट्रिटियम.

टॉर्चबद्दल रिव्हॉल्व्हरवाल्यांनी एक ध्यानात ठेवायचं. सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये जी फट असते तिथून प्रत्येक बाराला गरम वायू आणि शिशाचे कण दोन्ही बाजूंना फुटतात. पिस्तुलासाठी शिकवलेल्या पद्धतीने टॉर्चचा हात शेजारी चिकटवलात तर अंगठा नेमका त्या फटीपाशी येतो. .३५७ चा झोत बोट जायबंदी करू शकतो. टॉर्च वेगळ्या हातात, डोक्याच्या बाजूला उंच धरा.

रंगाचं काम अगदी स्वस्तात होतं. माशीची तुमच्याकडची बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलाचा अंश घालवा. पांढऱ्या नेलपॉलिशचा एक थर, पूर्ण वाळल्यावर भडक केशरी किंवा पोपटी रंगाचे दोन. खालचा पांढरा थर चुकवला की वरचा रंग मेल्यासारखा दिसतो, तिथेच बहुतेकांचं फसतं. आवडला नाही तर ॲसिटोनने निघतो. फायबर ऑप्टिकचा दांडा हा त्याच्या पुढचा टप्पा: दिवसा आणि संध्याकाळी दिव्यासारखा चमकतो, पण तो बाहेरचाच उजेड गोळा करून डोळ्याकडे सोडतो. उजेड संपला की तो संपला.

गंमत म्हणजे कागदी निशाणावर नेम साधणारे याच्या बरोबर उलट करतात. त्यांना माशी चमकलेली नको असते, म्हणून धुरावर धरून काजळतात. कापराची काजळी त्याला उत्तम, दाट आणि अजिबात न चमकणारी. आपल्या आज्या काजळ धरायच्या तीच युक्ती.

तरीही साइट बदलायचीच असेल, तर कुठली चांगली हा प्रश्न नंतरचा. तुमची माशी बसवली कशी आहे, त्यावर सगळं ठरतं. जीपी १०० ची माशी नळीच्या तोंडाकडच्या स्प्रिंगच्या खिळीवर असते, खिळी दाबली की माशी वर निघते, पाच मिनिटांचं काम. स्मिथ अँड वेसनच्या बऱ्याच मॉडेलांत ती आडव्या पिनने अडकवलेली असते. पिन ठोकून निघते, पण नवीन माशीला भोक पाडून जुळवावं लागतं, म्हणजे गनस्मिथच बरा. आणि जुन्या, छोट्या रिव्हॉल्व्हरांवर माशी नळीच्याच धातूतून कोरलेली असते. तिथे नेलपॉलिशला पर्याय नाही, कानस तर घरी लावूच नका.

उंचीचाही हिशेब आहे. माशी उंच झाली की गोळी खाली लागते. माशी आणि मागची खाच यांत ६ इंच अंतर असेल आणि १० यार्डांवर गोळी २ इंच हलवायची असेल, तर माशीच्या उंचीत फरक फक्त ०.०३३ इंचाचा, म्हणजे मिलिमीटरपेक्षाही कमी. त्यात त्याच रिव्हॉल्व्हरमधून .३८ स्पेशल (त्यातच चालणारं सौम्य काडतूस) आणि .३५७ वेगवेगळ्या उंचीवर लागतात. मागची साइट स्क्रूवर फिरणारी नसेल तर नवीन माशी जुनीच्याच उंचीची मागवा आणि घरात जे काडतूस ठेवता त्यानेच रेंजवर तपासा.

आता जपणूक. इथे मी स्वतः माती खाल्ली आहे, म्हणून जरा सविस्तर.

पहिला फायबर दांडा मी ब्रेक क्लीनरने (गाडीचे ब्रेक साफ करायच्या फवाऱ्याने) मारला. सिलिंडर साफ करताना फवारा पुढे उडाला. दोन मिनिटांत लाल दांडा दुधाळ झाला, त्यावर बारीक तडे गेले. प्लॅस्टिकच ते. तेव्हापासून रसायन बाटलीतून थेट कधीच मारत नाही, चिंधीवर घेतो. ट्रिटियमची साइट अल्ट्रासॉनिक भांड्यात टाकू नका, बसवताना हातोडी लावू नका. आतली काचेची नळी फुटली तर ठिपका विझतो. घाबरायचं नाही: खिडक्या उघडा, हातमोजे घाला, साइट पिशवीत बंद करा, हात धुवा. निकामी साइट कचऱ्यात नाही, बनवणाऱ्या कंपनीकडे परत पाठवायची.

रेड डॉट रिव्हॉल्व्हरवर लावलात तर त्याच फटीतला धूर पुढच्या काचेवर बसतो. पन्नास गोळ्यांनंतर काच पिवळट तपकिरी दिसेल. शर्टाच्या टोकाने पुसायचा मोह होतो. त्या काजळीत धातूचे आणि जळक्या दारूचे कण असतात, कोरडं घासलं की तेच सॅंडपेपर. आधी रबरी फुग्याने वारा मारा, मग मऊ ब्रश, मग लेन्सचं द्रव मायक्रोफायबरवर घेऊन मधून कडेकडे गोल फिरवत पुसा. काचा पुसायचं निळं अमोनियावालं पाणी नको, कोटिंग खराब होतं. आणि त्याच संध्याकाळी करा, आठवड्याने डाग चिकट होतात.

ह्यूस्टनची हवा म्हणजे बारमाही कोकण. चिपळूणच्या घरी वडिलांची दुर्बीण चामडी डब्यात, डबा लोखंडी ट्रंकेत, अशी वर्षानुवर्षं होती. उघडली तेव्हा आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. ती कोटिंग खाते, साफ केली तरी खुणा राहतात. म्हणून सेफमध्ये आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत असावा. सिलिका जेलच्या पुड्या अधूनमधून ओव्हनमध्ये गरम करून पुन्हा वापरता येतात. चामडी होल्स्टरमध्ये घालून हत्यार महिनोन्महिने ठेवू नका, चामडं ओल धरतं. एसीतून थेट अंगणात नेलं की काचेवर बाष्प धरणारच. पेटी बंद ठेवूनच बाहेरच्या हवेत अर्धा तास राहू द्या, मग उघडा.

रेड डॉटमध्ये बहुधा सीआर २०३२ बॅटरी असते. पाकिटावर काहीही वर्षं लिहिलेली असोत, मी दरवर्षी खंडेनवमीला बदलतो. त्या दिवशी हत्यार पूजेला बाहेर काढतोच, रिकामं आहे ना ते तपासतो, स्क्रू ढिले झालेत का बघतो, माशीचा उडालेला रंग पुन्हा लावतो. हळदकुंकू मुठीला. पहिल्या वर्षी आईने व्हिडिओ कॉलवरून "वरच्या काचेलाही लाव रे" असं सांगितलं आणि मी लावलं. कुंकवाची पूड कडेच्या खाचेतून काढता काढता दिवाळी आली.